सायकल क्लबची पहिली रविवार राईड: हवा भरण्यापासून मिसळीच्या बिलापर्यंत

तुम्ही दोन-तीन महिने एकट्याने सायकल चालवली आहे. ऑफिसला जाता-येता, टेकडीच्या रस्त्याला, सोसायटीपासून पंधरा-वीस किलोमीटर. रविवारी पहाटे लाल दिवे लुकलुकत रांगेने जाणारे गट दिसतात आणि आपणही जावं असं वाटतं. पण झेपेल का, मागे पडलो तर काय, कुणाला विचारायचं, इथेच गाडं अडतं. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर, ठाणे, कुठेही रीत साधारण हीच असते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. क्लबातल्या लोकांना नवख्याकडून वेग नको असतो. तो पुढच्या क्षणी काय करणार, याचा अंदाज त्यांना यायला हवा असतो. मग ते रस्त्यावर असो, यादीत नाव घालण्यात असो, की नाश्त्याचे पैसे देण्यात.

१. क्लब शोधा आणि तीन प्रश्न विचारा

बहुतेक हौशी क्लब म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि तो चालवणारे चार-पाच जण. वर्गणी नसते, फॉर्म नसतो. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनसारख्या रीतसर संस्थाही आहेत, तिथे सभासदत्वाची पद्धत वेगळी असू शकते. ग्रुपपर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सायकल दुकानातला मेकॅनिक. कोणता गट कुठून निघतो, कोण नवख्यांना सांभाळून घेतं, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. दुसरा मार्ग: रविवारी सकाळी खडकवासला चौपाटीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला थांबा. चहाच्या टपरीपाशी टेकवलेल्या सायकली दिसल्या की सरळ जाऊन विचारा.

काय विचाराल?

पहिला प्रश्न: ॲव्हरेज किती? इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. "२२ चं ॲव्हरेज" म्हणजे चढ, सिग्नल, वळणं धरून सायकल चालू असतानाची ताशी २२ किलोमीटरची सरासरी. ती राखायला सपाट रस्त्यावर २७-२८ ने जावं लागतं. तुमच्या ॲपवर थांबे वगळून दाखवलेली सरासरी वेगळी असते आणि एकूण वेळेवर काढलेली वेगळी. थांबे वगळूनचा आकडा बघा. एकट्याने ३० किलोमीटर जा, मध्ये फार तर दहा मिनिटं थांबा, आणि जो आकडा येईल त्यापेक्षा एक-दोनने कमी वेगाच्या गटात नाव द्या.

दुसरा प्रश्न: नो ड्रॉप आहे का? म्हणजे मागे पडणाऱ्यासाठी गट थांबतो का. काही गट सराव करतात, ते थांबत नाहीत. त्यात वाईट काही नाही, पण ते तुमच्यासाठी अजून नाही.

तिसरा: शेवटी स्वीप असतो का? स्वीप म्हणजे सर्वांत मागे राहणारा अनुभवी सायकलस्वार. त्याच्या मागे गटातलं कुणी नसतं. पुढे राहून गट नेणारा लीड कोण आहे यापेक्षा स्वीप कोण आहे यावर नवख्याची राईड ठरते. नो ड्रॉप म्हणणाऱ्या गटात स्वीप ठरलेला नसेल, तर तो शब्द फक्त मेसेजपुरता आहे असं समजा.

पहाटेच्या अंधारात एकट्याने जमण्याच्या जागी पोहोचायचं नसेल, तर तसं ग्रुपवर मोकळेपणाने लिहा. तुमच्या भागातून येणारं कुणीतरी असतंच, आणि बऱ्याच शहरांत फक्त महिलांच्या राईडही निघतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय, आणि शक्यतो पालकांशिवाय, घेत नाहीत.

२. राईडचा मेसेज नीट वाचा

घोषणा साधारण अशी येते:

"रविवार राईड. जमणे ५.४५, राजाराम पूल. निघणे ६.०० शार्प. मार्ग: सिंहगड रोड, खडकवासला, डोणजे, सिंहगड पायथा आणि परत. सुमारे ४० किमी. पेस १८-२०. रीग्रुप: चौपाटी. नो ड्रॉप. ब्रेकफास्ट परतीला. हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब अनिवार्य. शनिवारी रात्री ९ पर्यंत नाव घाला."

यात "जमणे" आणि "निघणे" हे दोन वेगळे आकडे आहेत. सहाला चाकं फिरायला लागतात. ५.४५ ला तुम्ही हवा भरून, बाटली भरून, प्रातर्विधी उरकून हजर असायचं. ५.५८ ला येऊन पंप मागणाऱ्यामुळे वीस जण खोळंबतात. पेस म्हणजे ॲव्हरेज. रीग्रुप म्हणजे पुढचे-मागचे सगळे जिथे पुन्हा एकत्र होतात ती जागा. तिथपर्यंत प्रत्येकाने आपल्या वेगाने यायचं असतं.

"पायथा" आणि "वरपर्यंत" यातला फरक ओळखा. पायथ्यापासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरचा घाट आहे आणि त्यात ६०० मीटरच्या आसपास उंची चढायची असते. नवख्याला एकट्या त्या नऊ किलोमीटरला तास-सव्वा तास सहज लागतो, आणि उतरताना ब्रेकची कसोटी लागते. अंतर बघून हो म्हणू नका, चढाचा आकडाही विचारा. बोपदेव घाटाने सासवडला जाऊन दिवे घाटाने उतरणारी राईड लोकप्रिय आहे, पण पहिल्याच रविवारी तिच्या वाटेला जाऊ नका.

नाव घालताना आधीची यादी कॉपी करून खाली आपला क्रमांक लिहायचा. येणार नसाल तर रात्रीच नाव काढा. निघण्याआधी लीड यादी वाचतो, न आलेल्याला फोन लावतो, वाट बघतो. न सांगता दोनदा गळालेल्याचं नाव तिसऱ्यांदा कुणी गंभीरपणे घेत नाही.

३. सायकलची तयारी शनिवारी संध्याकाळी

रविवारी पहाटे तयारी करू नका. शनिवारी काही सापडलं तर दुकान उघडं असतं.

हवा. टायरच्या बाजूला कमाल दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर २५ मिमीच्या रोड टायरला ८५ ते ९५, हायब्रिडच्या ३२-३५ मिमीच्या टायरला ५५ ते ७०, एमटीबी म्हणजे माउंटन बाइकच्या २.१ इंची टायरला ३५ ते ४५ पीएसआय पुरतात. वजन जास्त असेल तर थोडी जास्त, पावसात थोडी कमी. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. ६० आणि ९० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. घरी मीटर असलेला उभा पंप घ्या, तो वर्षानुवर्षं टिकतो. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

व्हॉल्व्ह कोणता आहे ते बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक आणि टोकाला छोटी फिरकी असेल तर प्रेस्टा. त्याला पेट्रोल पंपावर अडॅप्टर लागतो, आणि तिथल्या जोरदार कॉम्प्रेसरने बारीक टायर फुटूही शकतो. जादा ट्यूब घेताना व्हॉल्व्हचा प्रकार आणि टायरचा आकार दोन्ही जुळवा. २७.५ च्या चाकाला २९ ची ट्यूब बसवताना तिच्या वळ्या पडतात आणि रस्त्यात डोकं फिरतं.

ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्यायला हवी. रिम ब्रेकच्या रबरावरच्या खाचा संपल्या असतील तर रबर बदला. डिस्क ब्रेकच्या चकतीला बोट लावू नका आणि चेनचं तेल तिच्या आसपास उडू देऊ नका. एक थेंब लागला तरी ब्रेक ओरडायला लागतो आणि पकड जाते.

चेन. कोरड्या कापडाने पुसा, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, दोन मिनिटं पेडल उलटं फिरवा, मग वरचं तेल पुन्हा पुसून टाका. वर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. गंज सोडवण्याचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे. तो मारून निघालात तर वीस किलोमीटरवर चेन किरकिरायला लागते. गाडीचं जुनं ऑइल तर मुळीच नको.

चाकं. चाक झटपट काढता येणारा क्विक रिलीजचा लिव्हर बंद करताना तळव्यावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेकला घासत नाही ना बघा.

सीट. सायकलवर बसून पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय पूर्ण सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात हवी तेवढी घडी राहते. नवख्यांची सीट जवळजवळ नेहमी खूप खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. त्यानेच चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर उलट, सीट वर गेली आहे.

४. बरोबर काय घ्यायचं

- हेल्मेट. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा मानकाचा शिक्का बघून घ्या. पट्टा आणि हनुवटीत दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.
- मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा. दोन्ही चार्ज केलेले.
- दोन जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, छोटा पंप.
- ४, ५ आणि ६ मिमीची अ‍ॅलन की असलेला मल्टीटूल.
- पाण्याच्या दोन बाटल्या.
- आधार किंवा लायसन्सची प्रत, आरोग्य विम्याचं कार्ड, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट, औषधांची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. चिठ्ठी हवीच, कारण पडल्यावर फोनचा लॉक दुसऱ्याला उघडता येत नाही.
- दोनशे-तीनशे रुपये सुटे. टपरीवर नेटवर्क नसलं की यूपीआय अडकतं.

पॅडेड शॉर्ट्स घेतल्या तर त्यांच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. घातलं तर शिवणी घासतात आणि शॉर्ट्सचा उपयोगच राहत नाही. सैल ट्रॅक पँट असेल तर उजव्या पायाची कड मोज्यात खोचा, नाहीतर ती चेनमध्ये जाते.

सायकलच्या बिलाचा आणि फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. नंबर बहुतेक सायकलींना खाली, पेडलच्या दांड्याजवळ कोरलेला असतो. चोरी झाली तर तक्रारीत तोच कामाला येतो.

५. पंक्चर काढण्याचा सराव घरी करा

रस्त्यावर पहिल्यांदा शिकू नका. घरी दोनदा करून बघितलंत तर रस्त्यावर पंधरा मिनिटांत होतं. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत छोट्या चक्रावर आणा, चाक सहज निघतं. टायरची एक कड लिव्हरने काढा आणि ट्यूब ओढून घ्या.

पुढची पायरी घाईत हमखास विसरली जाते: पंक्चर कशाने झालं ते शोधणं. टायरच्या आतून रुमाल गुंडाळलेलं बोट फिरवा. बाभळीचा काटा, काच, किंवा फुटलेल्या ट्रक टायरमधली केसाएवढी तार. ही तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते. ती काढली नाही तर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते.

नव्या ट्यूबमध्ये ती गोल दिसेल एवढीच हवा भरा, मग आत बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनी ढकला, लिव्हरने नको. लिव्हरने नवी ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून बघा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना.

गटात कुणाचं पंक्चर झालं की सगळ्यांनी भोवती कोंडाळं करायचं नाही. दोघे मदतीला, बाकीचे रस्त्यापासून दूर.

६. गटात चालवण्याची रीत

इथे घाई करू नका. बहुतेक पडझड वेगामुळे होत नाही, एकाने अचानक काहीतरी केल्यामुळे होते.

*सरळ रेषा.* तुमची सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूला, कडेपासून सुमारे हातभर आत, एका रेषेत चालली पाहिजे. अगदी कडेला गेलात तर वाळू, काचा आणि खचलेली डांबरी कड मिळते. खड्डा दिसल्यावर झटक्याने उजवीकडे वळू नका. मागून गाडी येत असते आणि मागचा सायकलस्वार तुमच्या चाकावर नजर ठेवून असतो. आधी दाखवा, मग सावकाश वळा, आणि जमत नसेल तर ब्रेक सोडून, सीटवरून किंचित उठून, कोपरं सैल ठेवून खड्ड्यातून सरळ जा.

*चाकाला चाक लावू नका.* तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला पुढे सरकलं आणि तो जरा इकडे आला, तर चाकं घासतात. पडतो तो नेहमी मागचा, कारण त्याचं हँडल अडकतं. पुढचा बहुधा पुढे निघून जातो. पहिल्या काही राईडला दोन सायकलींएवढं अंतर ठेवा. सराव झाल्यावर एका सायकलीएवढं. अनुभवी लोक वीतभर अंतरावर चालतात ते वारा टाळायला, पण त्यामागे कैक महिने एकमेकांबरोबर चालवण्याची सवय असते.

*नजर.* पुढच्याच्या टायरकडे टक लावू नका. त्याच्या खांद्यावरून पुढे, तीन-चार सायकलींपलीकडे बघा. तिथे ब्रेक लागला की तुम्हाला आधीच कळतं.

*चढावर उभं राहताना.* सीटवरून उठून पेडल मारायला लागलात की त्या क्षणी सायकल फूटभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. उठण्याआधी "उठतोय" म्हणा आणि उठताना पेडलवरचा जोर तुटू देऊ नका.

*खुणा आणि आरोळ्या.* ज्या बाजूला खड्डा त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचं आणि "खड्डा!" ओरडायचं. उभी गाडी किंवा हातगाडी डावीकडे असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हलवायचा, म्हणजे मागच्यांना सरकायचं कळतं. तळवा खाली करून हात हलवला की सावकाश. "ब्रेकर" म्हणजे गतिरोधक, "कार बॅक" म्हणजे मागून गाडी. आरोळी पुढून आली की मागे पोहोचवायची, आपल्यापाशी थांबवायची नाही. दोन्ही हात ब्रेकवर हवे असतील तर खूण सोडा, फक्त ओरडा.

"क्लिअर!" ही आरोळी मात्र मानू नका. चौकात पुढच्याला रस्ता मोकळा दिसला तेव्हा तो त्याच्यासाठी मोकळा होता. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत टेम्पो आलेला असतो. प्रत्येक चौकात स्वतः बघा आणि लाल सिग्नलला थांबा, गट पुढे गेला तरी. रीग्रुप त्यासाठीच असतो.

*एक रांग.* गप्पा मारायला दोघे-दोघे जावंसं वाटतं. रिकाम्या रस्त्यावर ते चालतं, पण सिंहगड रोड किंवा पौड रोडवर एकेरीच. "कार बॅक" आली की बाहेरचा मागे सरकतो आणि आतल्याच्या मागे लागतो. दोघांनी एकदम तेच करायला जाऊ नये.

*उतार.* ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नको. दोन्ही ब्रेक एकदम, थोडे थोडे, मध्ये सोडत. रिम ब्रेक सतत दाबून ठेवले तर लांब घाटात रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळताना बाहेरचा पाय खाली. अंतर दुप्पट करा आणि पुढच्याला ओलांडू नका. सिंहगडाच्या घाटात सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच गाड्यांची वर्दळ सुरू होते, आणि वळणावर तुमच्या बाजूला आलेली गाडी गृहीत धरूनच उतरा.

*थांबताना.* हात वर करून "स्टॉप" म्हणा आणि सायकलसकट डांबराच्या बाहेर जा. रस्त्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्या गटामुळे सगळ्याच सायकलवाल्यांना शिव्या बसतात, आणि त्या रास्त असतात.

कानात इयरफोन नको, एका कानातही नको. कुत्रा मागे लागला तर वाकडं-तिकडं पळू नका. वेग कमी करा, आवाज चढवून हटका, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा.

कुठल्या रस्त्यावर जायचं नाही हेही ठरलेलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल चालत नाही, लोणावळ्याला जुन्या महामार्गानेच जायचं. समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, इथेही बंदी आहे.

७. खाणं-पाणी

निघण्याआधी तासभर थोडे पोहे, किंवा केळं आणि चहा. उपाशीपोटी निघणाऱ्याला दीड तासानंतर अचानक हातपाय गळाल्यासारखं होतं, घाम फुटतो, चिडचिड होते. ती साखर संपल्याची खूण असते आणि तोवर उशीर झालेला असतो. भूक लागण्याआधी खा: पाऊण तासाला एक केळं, चिक्कीची वडी किंवा राजगिऱ्याचा लाडू. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब करा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. एका बाटलीत साधं, दुसरीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं आहे तेवढ्याच पाण्यात घाला. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ओतलं तर फायदा सोडाच, मळमळतं. मार्च ते मे नऊच्या आत घरी पोहोचेल अशीच राईड निवडा.

८. कुणी पडलं तर

एकाने मागे पन्नास मीटरवर जाऊन गाड्यांना हात दाखवायचा, एकाने पडलेल्यापाशी बसायचं, एकाने फोन लावायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मान दुखत असेल तर त्याला हलवू नका. डोकं आपटलं असेल आणि तो "मी ठीक आहे" म्हणत असेल, तरी त्याला सायकलवर बसू देऊ नका. गाडीने घरी किंवा दवाखान्यात पाठवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. अनोळखी माणसासाठीही बिनधास्त थांबा.

९. नाश्ता, ग्रुप आणि क्लबच्या बातम्या

क्लब जमतो तो टेबलावर. मिसळ की इडली यावर दर रविवारी वाद होतो आणि होऊ द्यावा. एकजण बिल भरतो आणि ग्रुपवर माणशी रक्कम टाकतो. ती त्याच दिवशी पाठवा. त्याला आठवण करून द्यावी लागली की पुढच्या वेळी बिल भरायला कुणी पुढे येत नाही. नवख्याने पहिल्या दिवशी "मी फक्त चहा घेईन" म्हणून कोपऱ्यात उभं राहू नये. मार्ग, मेकॅनिक, कुठला टायर टिकतो, कुणाची जुनी सायकल विकायची आहे, हे सगळं तिथेच कळतं.

ग्रुपवर टाकण्याजोगी बातमी म्हणजे जिचा दुसऱ्याला उपयोग होतो. "पानशेत रस्त्यावर अमुक गावापुढे खडी टाकली आहे", "घाटात दरड आली, रस्ता बंद", "अमुक टपरी आता सातला उघडते". राईडचा वृत्तान्त लिहायची पाळी आली तर किती जण आले, कुठे पाणी मिळालं, रस्ता कुठे बिघडला, कुणी पहिल्यांदा पन्नास पूर्ण केले, हे लिहा. पहिल्यांदा करणाऱ्याचं नाव त्याला विचारून लिहा, आणि नक्की लिहा. ते वाचून पुढच्या आठवड्यात आणखी दोघे येतात. शुभेच्छांची चित्रं आणि राजकारण बहुतेक ग्रुपवर बंद असतं, नसेल तरी टाकू नका.

स्ट्राव्हासारख्या ॲपवर राईड टाकताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवण्याची सोय चालू करा. नाहीतर महागडी सायकल कुठल्या इमारतीत असते, हे सगळ्यांना दिसतं.

जर्सीची ऑर्डर वर्षातून एकदा निघते. आधी कुणाची तरी घालून बघा. सायकलची जर्सी अंगाला घट्ट असते, नेहमीच्या टी-शर्टपेक्षा एक माप मोठं लागू शकतं. पैसे आगाऊ द्यायचे, कारण छापून घेणारा किमान संख्येशिवाय काम घेत नाही आणि नाव छापलेली जर्सी परत होत नाही.

आषाढीच्या आधी पुण्या-नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते. तिची नोंदणी लवकर भरते. पालखीच्या दिवसांत रविवारचे मार्गही बदलावे लागतात: ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. त्या दिवशी तिकडे वाहतूक वळवलेली असते. पोलिसांचं पत्रक बघूनच मार्ग ठरवा.

पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीचे बेत होतात. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि पेट्रोल पंपासमोरचा तेलाचा पट्टा, या तिन्हींवर ना वळायचं ना ब्रेक लावायचा. घरी आल्यावर अंघोळीआधी चेन पुसा.

१०. पुढचा टप्पा: २०० ची बीआरएम

चार-सहा महिन्यांत ग्रुपवर "बीआरएम" हा शब्द रोज दिसायला लागेल. बीआरएम म्हणजे पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पारिझियाँ या १९०४ पासूनच्या क्लबच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या लांब राईड. भारतात त्या ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्समार्फत होतात. ही शर्यत नाही, क्रमांक काढत नाहीत. ठरलेल्या वेळेत पूर्ण केली की झालं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एकाच हंगामात या चारही केल्या की सुपर रॅन्डोनर. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या, सुमारे १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं असेल तर त्याच वर्षी ही मालिका पूर्ण करावी लागते. पुढची २०२७ मध्ये आहे.

क्लबबरोबर १०० किलोमीटर दोनदा, त्यातलं एकदा चढाच्या रस्त्याने, आरामात झाल्याशिवाय २०० ला नाव देऊ नका. नोंदणी ऑनलाइन होते. हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि परावर्तक जॅकेट तपासूनच सोडतात, दिवे दिवसाच्या राईडलाही लागतात. हातात ब्रेव्हे कार्ड मिळतं, त्यावर प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का किंवा सही घ्यायची. मानवरहित कंट्रोल असेल तर आयोजक सांगेल तो पुरावा: हॉटेलचं वेळ छापलेलं बिल, एटीएमची पावती किंवा फोटो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. घामाने भिजलेल्या कार्डावरचं काही वाचता येत नाही.

कंट्रोलही ठरलेल्या वेळेला बंद होतात. १०० किलोमीटरवरचा सहा तास चाळीस मिनिटांनी. बरेच जण पेडल मारताना नाही, तर थांब्यावर वेळ घालवतात: दोन ठिकाणी जेवण, तीन ठिकाणी चहा, आणि दोन तास गेले. थांब्यांची मिळून दीड तासाची मर्यादा आधीच ठरवा. मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर चालते. वाटेत घरच्यांनी पाणी आणून दिलं तर तुम्ही बाद ठरू शकता. दुकानातून काहीही विकत घ्या, त्याला हरकत नाही.

सोडायची वेळ आली तर आयोजकाला लगेच फोन करून सांगा आणि मगच टेम्पोत सायकल चढवा. न सांगता घरी गेलेल्याला शोधत स्वयंसेवक रात्री दोन वाजता हायवेवर फिरत असतात. आणि पहिली बीआरएम चालवण्याआधी एखाद्या कंट्रोलवर स्वयंसेवक म्हणून एक रात्र बसा. क्लबला तिथे माणसं नेहमीच कमी पडतात, आणि १५० किलोमीटर चालवून आलेला माणूस काय खातो, किती वेळ थांबतो, कशाने सायकल सोडून देतो, हे तिथे समोर बघायला मिळतं. आयोजकाला तारखेच्या दोन आठवडे आधी मेसेज केलात तर जागा नक्की मिळते.